तबकडीपुढील रांग

'कार्यक्षमता' हा शब्द हल्लीं इतक्या सढळपणें वापरण्यांत येतो कीं, त्याचा अर्थ सर्वांस ठाऊकच आहे असें धरून लोक पुढें जातात. अमुक कारखाना अधिक कार्यक्षम, अमुक कचेरी कमी कार्यक्षम, असें म्हणतांना 'कोणाच्या दृष्टीनें?' हा प्रश्न बहुधा विचारला जात नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न मुख्यतः नीतिशास्त्राचा आहे. आणि नीतिशास्त्राच्या ग्रंथांत तो जितका स्पष्ट दिसतो त्याहून अधिक स्पष्ट एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं दिसतो. तें ठिकाण म्हणजे संगणकांतील फिरती तबकडी आणि तिच्यापुढें लागलेली मागण्यांची रांग. विषयाच्या रुक्षपणास भिऊन वाचकांनीं पान उलटूं नये. यांत्रिक भाग आम्ही, आमच्यासारख्या यंत्रशास्त्राबाहेरच्या माणसास कळेल, इतकाच सांगणार आहों.

बँकेंतील खातीं, रेल्वेचीं आरक्षणें, रुग्णालयांतील नोंदी हें सर्व आज ज्या व्यवस्थेंत सांठविलें जातें तिला डेटाबेस म्हणतात. या नोंदी अखेर कशावर तरी लिहून ठेवाव्या लागतात. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें रामॅक नांवाचें यंत्र पुढें आणलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर बसविलेल्या होत्या, आणि त्यांवर सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. तेव्हांपासून तबकडीचा आकार लहान होत गेला, सांठा प्रचंड वाढला, पण मूळ रचना तीच राहिली. ग्रामोफोनप्रमाणें तबकडी फिरते आणि एक हात तिच्यावरून आंतबाहेर सरकतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच नागमोडी रेघ आंतवर जात असते. येथें एकांत एक अशीं असंख्य वर्तुळें असतात, आणि हात क्षणांत पहिल्या वर्तुळावर तर क्षणांत शेवटच्या वर्तुळावर जाऊं शकतो.

हा 'क्षण' मात्र संगणकाच्या हिशेबानें फार मोठा असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाच्या १२० व्या भागांत एक फेरा पुरा करते. हवी ती नोंद हाताच्या टोकाखालीं येईपर्यंत सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे सुमारें ४ मिलिसेकंद जातात. आणि हात योग्य वर्तुळावर नेण्यास साधारणतः त्याच्या दुप्पट वेळ लागतो. सगळा हिशेब धरतां, इतस्ततः विखुरलेल्या नोंदी अशी तबकडी एका सेकंदांत ऐंशी-शंभरच वाचूं शकते. तेवढ्याच वेळांत संगणकाचा गणित करणारा भाग अब्जावधि बेरजा करून मोकळा झालेला असतो. सारी हुशारी एका बाजूस आणि एक सरकता हात दुसऱ्या बाजूस, अशी ही स्थिति आहे. आणि म्हणून त्या हातापुढें रांग लागते.

रांगेस लावावयाचा सर्वांत जुना न्याय म्हणजे जो आधीं आला त्याचें काम आधीं. असें समजूं कीं, हात ५० व्या वर्तुळावर आहे, आणि ९०, १०, ५५, ४५, ९५ व ५२ या वर्तुळांवरील मागण्या याच क्रमानें आल्या आहेत. आल्या क्रमानें त्या पुरवावयाच्या तर हाताला एकंदर २६८ वर्तुळांचा प्रवास करावा लागतो. प्रथम तो ९० कडे धांवतो, तेथून थेट १० कडे येतो, पुनः ५५ कडे वळतो, आणि एखाद्या गोंधळलेल्या कारकुनाप्रमाणें त्याचा सारा वेळ येरझारांत जातो. न्याय निर्दोष, पण काम थोडें. आतां दुसरी रीत अशी: जी मागणी हाताच्या सर्वांत जवळ, ती आधीं. मग क्रम ५२, ५५, ४५, १०, ९०, ९५ असा लागतो आणि प्रवास १३५ वर्तुळांचा, म्हणजे जवळजवळ निम्मा होतो. यंत्राच्या मालकास ही रीत आवडल्यास नवल नाहीं. पण ९० ची मागणी सर्वांच्या आधीं आलेली होती, आणि ती पांचवी सुटली, हें नजरेआड करूं नये.

येथें मागण्या सहाच होत्या. खऱ्या यंत्रापुढील रांग कधीं संपत नाहीं. एक मागणी पुरी होते तों दोन नव्या येतात. त्या जर मधल्या वर्तुळांवरच्या असल्या तर हात मध्येंच घुटमळत राहतो, आणि कडेची मागणी आज नाहीं उद्यां पुरी होईलच असेंहि म्हणतां येत नाहीं. या अवस्थेस संगणकशास्त्रज्ञांनीं 'उपासमार' अशा अर्थाचेंच नांव दिलेलें आहे. त्या कोरड्या परिभाषेंत हा एक शब्द तरी माणसाच्या अनुभवांतून आला आहे, याचें आम्हांस बरें वाटतें. आणि विशेष हें कीं, एकाची उपासमार चालू असतांना सरासरी उत्तमच दिसते. दहा हजार मागण्यांपैकीं ९,९९९ मागण्या दहा मिलिसेकंदांत सुटल्या आणि एक मागणी दहा सेकंद अडकून पडली, तर सरासरी भरते ११ मिलिसेकंद. अडकलेल्यानें तक्रार केली तर त्याच्या हातीं हा ११ चा आंकडा देऊन त्याची बोळवण करतां येते.

मधला मार्ग म्हणून लिफ्टची रीत निघाली. लिफ्ट वर जातांना वाटेंतील सर्व मजले घेत जाते आणि मग खालीं येते; त्याचप्रमाणें हातानें एका दिशेनें शेवटच्या मागणीपर्यंत जावें आणि नंतर वळावें. आमच्याच उदाहरणांत ५२, ५५, ९०, ९५ आणि परततांना ४५, १० असा क्रम घेतला तर प्रवास १३० वर्तुळांचा होतो. म्हणजे जवळचें तेवढें आधीं उचलण्याची लोभी रीत येथें तिच्या स्वतःच्याच कसोटीस उणी पडली.

पण या रीतींतहि एक सूक्ष्म अन्याय आहे, आणि तो पंगतीच्या उदाहरणानें चटकन् ध्यानांत येईल. वाढपी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाढीत जातो आणि वाढीतच परत येतो. मधल्या पानाशीं तो सारख्या अंतरानें येत राहतो. टोकाजवळच्या पानापुढें मात्र तो वळतांना लागोपाठ दोनदां येतो, आणि मग पंगतीच्या दोन्ही खेपा पुऱ्या झाल्यावांचून त्याचें दर्शन होत नाहीं. पानावरचा भात निवत चालला असतां वरणाची वाट पाहणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. यावर उपाय असा कीं, टोकास पोंचल्यावर वाढप्यानें कांहीं न वाढतां सरळ पंगतीच्या आरंभाकडे परत यावें आणि पुनः त्याच दिशेनें सुरुवात करावी. तबकडीच्या बाबतींतहि ही रीत प्रचारांत आहे. तिच्यांत परतीचा प्रवास फुकट जातो. आणि तेवढी किंमत देऊन कडेच्या आणि मधल्या मागण्यांस जवळजवळ सारखी वागणूक मिळते. समतेला किती खर्च येतो याचा असा नेमका हिशेब व्यवहारांत क्वचितच मांडतां येतो.

या रीतींची तुलना करणाऱ्यांस हा नैतिक प्रश्न दिसला नव्हता असें नाहीं. पीटर डेनिंग यांनीं १९६७ सालीं या रीतींचें गणित मांडलें. पुढें १९७२ सालीं टियोरी आणि पिंकर्टन यांनीं पांच रीतींची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं यंत्राच्या बाजूनें पाहण्याचें माप आणि एकेका मागणीच्या बाजूनें पाहण्याचें माप अशीं दोन मापें निरनिराळीं ठेविलीं. इतकेंच नव्हे, तर मागण्यांच्या प्रतीक्षाकालांत परस्परांत किती तफावत पडते हेंहि मोजिलें पाहिजे, कारण एखाद्या मागणीवर होणारा पक्षपात तेथेंच उघडा पडतो, असें सांगितलें. शेवटीं दोन्ही बाजूंना कमीअधिक वजन देऊन एकच आंकडा काढण्याची तोडहि त्यांनीं सुचविली. कोणाला किती वजन द्यावयाचें हें मात्र गणित सांगूं शकत नाहीं. तें मोजणाऱ्यास आधींच ठरवावें लागतें, आणि आमच्या मतें खरा निर्णय तेथेंच होऊन जातो. त्यानंतरचा सारा भाग आंकडेमोडीचा.

बेंथॅमचा अनुयायी यावर म्हणेल कीं, यांत एवढें अडण्यासारखें काय आहे? एकंदर सुखाची बेरीज जास्त भरते ती रीत चांगली. जॉन हरसान्यी यांनीं १९५५ सालीं हीच बाजू अधिक कुशलतेनें मांडली. आपला वांटा कोणता येणार हें ज्याला माहीत नाहीं, आणि कोणाचाहि वांटा येण्याचा ज्याला सारखाच संभव आहे, असा शहाणा माणूस सरासरी उत्तम असलेली व्यवस्थाच पसंत करील, असें त्यांच्या युक्तिवादाचें सार आहे. तबकडीला हें लावून पाहिलें तर प्रथमदर्शनीं तें अगदीं बरोबर वाटतें. माझी मागणी आज मध्यावर, उद्यां कडेला. कधीं मी लवकर सुटेन, कधीं थांबेन. वर्षाअखेर सर्वांचा हिशेब सारखा.

परंतु डेटाबेसांत असें घडत नाहीं. ज्याचें खातें तबकडीच्या कडेच्या वर्तुळावर लिहिलें गेलें, त्याचें तें सामान्यतः तेथेंच राहतें. आज कडेला, उद्यांहि कडेला आणि वर्षाअखेरहि कडेलाच. नशिबाचा फांसा दर वेळीं नव्यानें पडत नाहीं. तो एकदांच पडतो आणि मग जन्मभर पुरतो. मनुष्यसमाजांतहि घर, गांव, कुळ यांचे फांसे बहुतेक असेच पडतात. म्हणून जॉन रॉल्स यांनीं १९७१ च्या आपल्या ग्रंथांत, सर्वांत वाईट स्थितींत कोण राहिला आणि त्याचें काय झालें याकडे बोट दाखविलें, तें आम्हांस हरसान्यींच्या युक्तिवादाहून वस्तुस्थितीला अधिक धरून वाटतें. अर्थात् रॉल्स यांचें माप जसेंच्या तसें तबकडीला लावलें तर एका दूरच्या मागणीपायीं हजारोंना खोळंबावें लागेल, हेंहि खरें आहे. तडजोड हवीच. ती कोठें करावयाची एवढाच वाद.

व्यवहारी लोकांनीं ही तडजोड कशी केली तें पाहण्यासारखें आहे. १९८५ सालीं 'डेटामेशन' या नियतकालिकांत जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनीं, लेखकाचें नांव न देतां, एक लेख प्रसिद्ध केला. निरनिराळ्या कंपन्यांचे डेटाबेस तोलून पाहण्यासाठीं बँकेंतील जमाखर्चाच्या व्यवहाराची एक कसोटी त्यांत मांडली होती. सेकंदाला किती व्यवहार, हें तिचें माप. पण अट अशी कीं, शंभरांतील ९५ व्यवहार एका सेकंदाच्या आंत पुरे झाले पाहिजेत. १९८८ सालीं स्थापन झालेल्या टी. पी. सी. या मंडळानें हीच परंपरा पुढें चालविली. त्याच्या १९९२ च्या 'सी' या कसोटींत नवी मागणी नोंदविण्याच्या व्यवहारांपैकीं शेंकडा ९० व्यवहार ५ सेकंदांच्या आंत व्हावे असा नियम आहे. शिवाय त्रयस्थाकडून तपासणी आणि सर्व तपशिलाची प्रसिद्धि या अटी आहेतच. नुसत्या सरासरीवर न विसंबण्याचा हा शहाणपणा आम्ही मोठा मानतों. पण उरलेल्या दहांचें काय, याविषयीं हा नव्वदांचा नियम मुका आहे. कसोटींत नंबर लागावा म्हणून यंत्राची जुळणी करणारा मनुष्य नव्वदावर येऊन थांबला, तर त्याला दोष कसा द्यावा? परीक्षेंत जेवढें विचारतात तेवढेंच विद्यार्थी वाचतात, हें आम्ही मास्तर लोकांनीं तरी दुसऱ्यास सांगावयास नको.

आम्हांस स्वतःस सर्वांत पटलेली रीत याहून निराळी आहे. लिनक्स या व्यवस्थेंत 'डेडलाइन' नांवाची एक पद्धति आहे. तींत हात एरवीं सोयीच्या क्रमानेंच जातो; पण प्रत्येक मागणीवर आल्यावेळीं एक मुदत लिहिलेली असते. वाचण्याच्या मागणीस अर्धा सेकंद आणि लिहिण्याच्या मागणीस पांच सेकंद, अशी ही मुदत सहसा ठरलेली असते. ती उलटली कीं सोय बाजूस ठेवून त्या मागणीकडे वळावयाचें. ही हमी काटेकोर नाहीं; गर्दी अतोनात झाली तर मुदतहि हुकते. तरीपण तिच्या मुळाशीं असलेली कल्पना आम्हांस न्याय्य वाटते. रांगेंत उभ्या असलेल्याचा पहिला हक्क लवकर सुटण्याचा नाहीं. आपल्या पुढें लोकांनीं घुसण्याला कोठें तरी सीमा आहे, एवढें त्याला कळावें, हा त्याचा पहिला हक्क आहे. उशीर माणूस सोसतो. अंत नसलेला उशीर त्याला सोसवत नाहीं.

वाचणाऱ्याला अर्धा सेकंद आणि लिहिणाऱ्याला पांच, असा भेद कां, असें कोणी विचारील. कारण सरळ आहे. नोंद वाचावयास मागणारा ती मिळेपर्यंत खोळंबलेला असतो. लिहावयास देणारा आपला कागद खिडकींत टाकून बहुधा निघून गेलेला असतो. सामान्य कामास हा विचार चोख लागू पडतो. डेटाबेसास मात्र तो अर्धवटच लागू पडतो. पेढीवर जशी आधीं कीर्द लिहावयाची आणि मग सवडीनें खतावणी करावयाची, तशीच रीत डेटाबेसांतहि असते. खतावणीचें लिहिणें थांबूं शकतें. पण कीर्दींत ओळ पक्की उमटल्यावांचून ग्राहकाला 'पैसे जमा झाले' असें सांगतां येत नाहीं. तेथें लिहिणाऱ्याच्या पाठीशींहि एक माणूस ताटकळत उभा असतो. हाताला हें दिसत नाहीं. त्याला दोन्ही मागण्या 'लिहिणें' याच सदरांत दिसतात. वर्ग पाडून न्याय करणाऱ्या सर्वच व्यवस्थांत हा धोका असतो असें आमचें मत आहे. वर्ग बाहेरून पाडलेले असतात, आणि गरज आंतून ओळखावी लागते.

याच्या उलट बाजूचें एक उदाहरण आहे. २००१ सालीं राइस विद्यापीठांतील अय्यर आणि ड्रुशेल यांनीं दाखवून दिलें कीं, एक मागणी पुरविल्यावर हातानें लगेच दुसरीकडे न धांवतां कांहीं मिलिसेकंद तेथेंच स्वस्थ राहिल्यास पुष्कळदां एकंदर काम वाढतें. कारण तोच मागणारा जरा विचार करून शेजारचीच नोंद मागण्याच्या बेतांत असतो. बोलणाऱ्याचें वाक्य पुरें होऊं द्यावें, तसाच हा प्रकार. २००३ च्या अखेरीस निघालेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तींत ही रीत रूढ करण्यांत आली. घरगुती वापराला ती मानवली. पण डेटाबेसापुढें शेंकडों निरनिराळे लोक निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी मागत असतात. तेथें शेजारची मागणी येतच नाहीं, आणि हात ज्याच्यासाठीं थांबला तो केव्हांच दुसऱ्या दिशेस गेलेला असतो. डेटाबेस चालविणाऱ्यांनीं दुसरी पद्धति आजमावून पाहावी, असें त्या रीतीच्या माहितीपत्रकांतच लिहिलेलें होतें. २००६ सालीं तिची जागा दुसऱ्या रीतीनें घेतली आणि २०१० सालीं ती काढून टाकण्यांत आली. सौजन्यहि ज्याच्याशीं करावयाचें त्याची ओळख नसेल तर वायां जातें, याला यंत्रांतून इतका स्वच्छ पुरावा मिळेल असें आम्हांस वाटलें नव्हतें.

मोजमापाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न याहून जुना आहे, आणि त्यावर येथें थोडेंच लिहितों. कीर्दीची प्रत्येक ओळ तबकडीवर उमटल्यावरच जर पुढची ओळ घ्यावयाची असेल, तर एकट्या ग्राहकाच्या ओळी, एकामागून एक, सेकंदाला साधारण १२० हून अधिक उमटूं शकत नाहींत. कारण तबकडीचे फेरेच तेवढे. पुष्कळ ग्राहकांच्या ओळी एका फेऱ्यांत मिळून लिहिल्या तर गोष्ट निराळी, आणि बॅटरीनें राखलेली स्मृति मध्यें असेल तरीहि निराळी. पण यांपैकीं कांहींहि नसतां कोणी हजारोंचा आंकडा पुढें केला, तर तबकडीनें ओळ न लिहितांच 'लिहिली' असें उत्तर दिलें, असें समजण्यास हरकत नाहीं. तिनें ती ओळ वीज जातांच पुसल्या जाणाऱ्या स्मृतींत ठेवलेली असते. कित्येक तबकड्या कारखान्यांतून निघतात त्या अशा रीतीनेंच वागावयास शिकलेल्या असतात. वेग खरा, आंकडा खरा. खोटें असतें तें फक्त ग्राहकाला दिलेलें वचन.

आतां कोणी म्हणेल कीं, फिरत्या तबकड्यांचे दिवस ओसरत चालले. नव्या सांठ्यांत फिरणारें, सरकणारें कांहींच नाहीं, मग ही चर्चा कशाला? हात गेला हें खरें. लिनक्समध्यें अशा वेगवान् सांठ्यांसाठीं पुष्कळदां 'कोणतीच रीत नको' असाच पर्याय ठेवलेला असतो. पण रांग गेलेली नाहीं. हा सांठाहि मधून मधून जुन्या नोंदी पुसून जागा मोकळी करण्यांत गुंततो, आणि त्याच वेळीं आलेल्या एखाद्या मागणीस शेजारणीहून कितीतरी पट थांबावें लागतें. शिवाय आजचें एक साधें पान शंभर यंत्रांना विचारून तयार होत असतें. डीन आणि बरोसो यांनीं २०१३ सालीं दाखविलेला हिशेब असा कीं, प्रत्येक यंत्र शंभरांत एकदांच रेंगाळत असलें, तरी शंभर यंत्रांच्या उत्तरावर अवलंबून असलेल्या मागण्यांपैकीं शेंकडा ६३ मागण्यांस कोठें ना कोठें तरी रेंगाळलेलें यंत्र भेटतेंच. जो एक शेवटचा म्हणून आपण सोडून दिला होता, तो या हिशेबानें बहुतेकांच्या वांट्यास येतो.

आणि मागण्यांचा क्रम लावण्याचें कामहि आतां पुष्कळसें सांठ्याच्या पेटींतच होतें. पूर्वीं ही रीत निदान संगणक चालविणाऱ्याच्या हातीं असे. चार रीती लावून पाहाव्या, मोजावें, आणि आपल्या ग्राहकांस जी मानवेल ती ठेवावी, एवढी मुभा त्याला होती. पेटीच्या आंतली रांग कोणत्या नियमानें चालते हें तिच्याबरोबर येणाऱ्या पत्रकांत लिहिलेलें नसतें. त्यांत असतो तो सेकंदाला इतक्या मागण्या, असा एक ठळक आंकडा. आणि बहुधा त्या आंकड्याला 'पर्यंत' हें अव्यय बारीक टाइपांत जोडलेलें असतें.